कंडक्टरचा खाकी

बाबांनी चष्मा कपाळावर चढवला, बाहुला डोळ्यांजवळ नेला, फिरवून त्याची पाठ पाहिली आणि टेबलावर परत ठेवून दिला.

"पोलीस आहे हा."

"कंडक्टर आहे, बाबा."

"कंडक्टर कुठचा? कंडक्टरचा खाकी असा असते का?"

तीन रविवार मोडून मी तो खाकी जमवला होता. बाबा एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते आणि त्यातली बरीच वर्षं नागपूर-उमरेड-भिवापूर याच रस्त्यावर गेली. तेव्हा या विषयात त्यांच्याशी वाद घालण्यात काही अर्थ नव्हता. तरी मी घातला. खाकी म्हणजे खाकी, त्यात पोलिसाचा आणि कंडक्टरचा असं काय वेगळं, असं मी म्हटलं. बाबा उत्तर न देता पेपर वाचायला लागले. आमच्याकडे वाद असाच हरतात.

हे सगळं सुरू झालं गेल्या दिवाळीच्या आवरासावरीत. माळ्यावर दादाचा एक खोका सापडला, बाटाच्या बुटांचा. आत सहा माणसं. तिघांच्या कमरा तुटलेल्या, एकाला डोकं नाही आणि जो त्यातल्या त्यात धड होता त्याचा उजवा अंगठा गायब. नव्वदच्या दशकात ज्यांचं बालपण गेलं त्यांना सांगायला नको, ही जी. आय. जोची फौज होती. दादाला फोन केला तर पुण्याहून म्हणाला, फेकून दे. पाच मिनिटांनी त्याचाच परत फोन आला : "फेकलं नाहीस ना?"

१९६४ साली अमेरिकेत हॅस्ब्रोनं पहिला जी. आय. जो काढला तेव्हा तो चांगला फूटभर उंच होता, अंगात खरे कापडी कपडे. मुलगे बाहुलीशी खेळणार नाहीत या धास्तीनं कंपनीनं 'डॉल' हा शब्दच टाळला आणि 'अ‍ॅक्शन फिगर' असा नवा शब्द चालवला. आमच्या घरात ही धास्ती नव्हती. आई सरसकट सगळ्यांना बाहुलेच म्हणायची आणि दादा दरवेळी चिडायचा. त्या पहिल्या जोची एक गोष्ट मला फार आवडते. माणसाच्या शरीराच्या घडणीवर कुठली कंपनी मालकी सांगणार? मग नक्कल ओळखायची कशी? तर त्याच्या उजव्या गालावर एक व्रण होता, आणि उजव्या अंगठ्याचं नख साच्यात चुकून आतल्या बाजूला, बोटाच्या पोटावर आलं होतं. ती चूक कंपनीनं तशीच ठेवली, कारण चोर नक्कल करताना चूकही उचलतो. म्हणजे खरा जो कोणता, तर ज्याचा अंगठा चुकलेला तो.

आमच्या खोक्यातले त्याचे धाकटे भाऊ, पावणेचार इंची. हा आकार जो मंडळींना १९८२ साली मिळाला. पुढच्याच वर्षी दंडाला फिरकी आली आणि हात आडवा वळवून बंदूक दोन्ही हातांत धरता यायला लागली. आपल्याकडे हे बाहुले फनस्कूलनं काढले. साचे तेच, पण रंग कितीदा तरी निराळेच. तिकडचा हिरवा सैनिक इकडे पिवळा होऊन यायचा. लहानपणी आम्हाला यात काही वावगं वाटलं नाही, कारण मूळ रंग पाहिलाच कोणी होता? आता म्हणे परदेशातले शौकीन तेच आपले विचित्र रंगाचे बाहुले शोधत फिरतात.

बिनअंगठ्याचा सैनिक हातात घेऊन मी माळ्याच्या शिडीवरच बसले होते. हेल्मेट नाही, मिशी आहे, पोट किंचित सुटल्यासारखं दिसतंय, खरं तर तो छातीवरच्या पट्ट्याचा उठाव. मनात आलं, याच्या खांद्याला बॅग लावली तर?

आजवर कुठल्या कंपनीचा एसटी कंडक्टर माझ्या पाहण्यात आलेला नाही. सैनिक आहेत, निन्जा आहेत, अंतराळवीर आहेत, दोन-दोन डोक्यांचे राक्षस आहेत. गर्दीनं ठासलेल्या गाडीत, एका हातानं दांडी न धरता, खड्ड्यातून जाताना बरोबर साडेसात रुपयांची तिकिटं फाडून सुट्टे परत देणारा माणूस मात्र नाही. माझ्या मते यापेक्षा मोठी अ‍ॅक्शन दुसरी नसेल.

बाहुला खोलायचा म्हणजे पाठीवरचा एक बारीक स्क्रू काढायचा. छातीच्या दोन फाका सुटतात, हात निघून येतात आणि आत एक काळी रबरी रिंग दिसते. सगळा माणूस त्या रिंगेवर तोललेला असतो. एका टोकाला छाती, दुसऱ्या टोकाला पायांचा आकडा. वर्षं गेली की रबर सुकतं, चिरतं आणि एक दिवस माणूस कमरेतून दोन होतो. आमच्या सैनिकाची रिंग हात लावताच चुरा झाली. मी पंपाचे सुटे भाग मिळतात त्या दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं, "मोटर किती एचपीची?" मी पर्समधून धड आणि पाय काढून काउंटरवर ठेवले. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा धडाकडे, आणि काही न बोलता चार डब्या उघडून रिंगा लावून पाहिल्या. तिसऱ्या डबीतली बसली. पैसे घेईना. म्हणाला, "राहू द्या ताई, आमच्याकडे पण होते हे."

रंग काढताना मी घाण केली ती सांगून टाकते. नेलपॉलिश रिमूव्हरनं रंग निघतो एवढं ठाऊक होतं. त्यातलं अ‍ॅसिटोन कडक प्लास्टिकही विरघळवतं, हे छातीवरच्या खिशांचा चिखल झाल्यावर कळलं. कापसाला रंग लागतोय म्हणून मी खूश होते, तो रंग नव्हता, माणूसच निघून येत होता. मग कमरेतून तुटलेल्यांपैकी एकाची छाती घेतली आणि या खेपेला औषधाच्या दुकानातलं स्पिरिट, जुना टूथब्रश आणि धीर. धीर माझ्याकडे कमी होता, पण एका छातीचा मुडदा पाडल्यावर येतो.

सैनिकाच्या अंगावर किती सामान असतं हे ते सोलायला बसल्यावर समजतं. छातीवर हातबॉम्ब, पट्ट्याला सुरा, मांडीला पिस्तूल, दंडाला आणखी कसली तरी थैली. सगळं अंगाबरोबरच ओतलेलं. पेपर कटरनं एकेक कापत गेले, मग ओल्या पॉलिश पेपरनं घासत गेले. शेवटी उरला तो एक साधा, जरा बिचारा दिसणारा माणूस. त्याच्यावर कंडक्टरचं सामान चढवायचं. बॅग एम-सीलची, तिचा पट्टा टूथपेस्टच्या ट्यूबच्या पत्र्याचा. तिकिटांचा ट्रे कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापून. पंच करायचा चिमटा स्टेपलरच्या पिनेतून, त्यात माझी दोन्ही बोटं टोचून निघाली.

आणि अंगठा. अंगठा नसलेला सैनिक कदाचित चालून जाईल, अंगठा नसलेला कंडक्टर चालत नाही. तिकीट अंगठ्यानं फाडतात, नोटा अंगठ्यानं सरकवतात, बोटांच्या फटींत उभ्या घडीच्या नोटा धरून अंगठ्यानं सुट्टे मोजतात. एवढाल्या माणसाचा अंगठा म्हणजे मोहरीपेक्षा थोडा लांब. एम-सील कालवल्यावर ते घट्ट व्हायच्या आत काम उरकावं लागतं आणि नागपूरच्या उन्हाळ्यात ते फार लवकर घट्ट होतं. चार अंगठे फुकट गेले. पाचवा बसला. नख मी मुद्दाम कोरलं नाही, कुठल्या बाजूला कोरायचं तेच ठरेना.

मे महिन्यात रंगवायला बसणं हा मूर्खपणा होता, पण सुट्टी तेव्हाच मिळाली. बाहेर पंचेचाळीस. पंखा लावला तर रंग ब्रशच्या टोकावरच वाळतो, बाहुल्यापर्यंत पोचतच नाही. पंखा बंद केला तर घामाचा थेंब बाहुल्यावर. कूलरसमोर बसले तर खसाच्या वासाबरोबर दमट झोत येतो आणि वरून मारलेलं मॅट वार्निश पांढुरकं धरतं. शेवटी जेवणाच्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर, त्यावर रंग, अशी सोय केली. खालून ओल मिळत राहते आणि रंग तासभर ओला राहतो. अ‍ॅक्रिलिक घेतलं, पाण्यानं दुधासारखं पातळ केलं आणि एक जाड हात देण्याऐवजी पाच पातळ हात दिले. स्प्रेचा डबा वापरला नाही. मऊ प्लास्टिकवर काही स्प्रे कधीच नीट वाळत नाहीत, महिनोन्महिने बोटाला चिकटत राहतात.

हे करताना कळलं की कारखान्यातला बाहुला पाठीवर जवळजवळ रंगवलेलाच नसतो. तिथे रंगाचा प्रत्येक ठसा म्हणजे वेगळा खर्च. डोळे तर सिलिकॉनच्या मऊ गादीनं शाई उचलून एका दाबात छापतात, हजारो चेहऱ्यांवर तीच नजर. पाठीमागचा पट्टा, बुटाची टाच, मानेवरचे केस, हे सगळं प्लास्टिकच्या मूळ रंगात सोडून देतात, कारण डब्यात बाहुला समोरून दिसतो. पण पुढच्या सीटवर बसणाऱ्याला कंडक्टर समोरून दिसतो आणि मागच्या सगळ्यांना पाठमोरा. मी पाठ आधी रंगवली.

तर खाकी. पिवळ्यात काळा मिसळला की काळपट पिवळा होईल असं आपल्याला वाटतं. होतो हिरवा. माझा पहिला खाकी म्हणूनच सरळ पलटणीत निघाला होता. त्याला भाजल्या मातीचा तांबूस दिला, मग पांढरा, मग परत गेरूकडे झुकला म्हणून थोडा निळा. अठरा वाट्यांनंतर जो मिळाला तो बाबांनी पोलिसाचा ठरवला.

दोन दिवसांनी चहा पिता पिता ते आपणहून बोलले. "तुझा खाकी वाईट नाही. नवीन आहे. आमचा नवीन खाकी कोणी पाह्यला? वर्षाला कापड मिळे, दोन महिन्यांत उडून जाये."

"उडून कसा होई?"

"इथं पांढरा." त्यांनी डाव्या खांद्यावर हात ठेवला, बॅगचा पट्टा जिथे असतो तिथे. "इथं जरा काळा. ट्रे घासते न." पोटावर, जरा डावीकडे. मग ते उठले, जेवणाच्या टेबलाच्या कडेला उजवं कंबर टेकवून उभे राहिले आणि हवेत तिकीट फाडलं. "असं उभं राहा लागते. दोन्ही हात कामात, गाडी हलते, तर कंबर सीटच्या दांडीला टेकवायची. पँट गुडघ्यावर नाही फाटत कंडक्टरची. इथं फाटते."

मी त्यांची मुलगी. ती पँट चाळीस वेळा तरी दोरीवर वाळत घातली असेल. उजवीकडे कमरेखाली ठिगळ असायचं हे मला आठवत होतं, ते तिथेच का, हे कधी विचारलं नव्हतं.

मग त्या संध्याकाळी ते सांगत गेले आणि मी कॅलेंडरच्या पाठीमागे लिहीत गेले. बोटं नाण्यांनी काळी, उजव्या हाताची जास्त. खिशावर शाईचा डाग, कारण वेबिल, म्हणजे तिकिटांच्या हिशेबाचा कागद, भरताना खड्डा आला की पेन खिशाच्या कापडातच जाई. चपला नाही, बूट, पण पुढून वर वळलेले. भिवापूरहून येताना टपावर मिरचीची पोती असली की शर्टाच्या शिवणीत लाल भुकटी बसे आणि घरी येऊन शर्ट झटकला की आई शिंकत सुटायची. बिल्ला घासून पितळी झालेला. आणि उमरेड रोडची धूळ. "ती काळी नाही अन् लाल बी नाही. राखेसारखी. गुडघ्यापर्यंत."

खाकी या शब्दाचा अर्थच फारसीत धुळीचा, मातीचा. १८४०च्या दशकात पेशावरकडच्या गाइड्स पलटणीनं हा रंग घेतला तो मातीत मिसळून जाता यावं म्हणून. बाबांचा खाकी बाटलीतून आलाच नव्हता, अर्धा तर रस्त्यानं चढवला होता.

ज्याला या छंदातले लोक वेदरिंग म्हणतात ते माझ्या फार आवडीचं काम आहे. कोऱ्या वस्तूला वापरलेली करायचं. काळसर रंग अगदी पाणी करून सोडला की तो घड्यांत, शिवणींत जाऊन बसतो. ब्रश जवळजवळ कोरडा करून फिकट रंगानं वरवर फिरवला की फक्त उंचवटे उजळतात, झिजल्यासारखे. करायला सोपं, आणि म्हणूनच बहुतेकांचं फसतं. सगळीकडे सारखाच मळ, सारखीच झीज, माणूस नाल्यातून काढल्यासारखा. माझेही आधीचे दोन-तीन बाहुले असेच आहेत, कपाटात मागे उभे केलेत. हात तेव्हाही बरा होता, पण कुठे घासतं हे मला ठाऊक नव्हतं.

बाबांना मात्र हा प्रकार मुळातच मान्य नाही. नवीन वस्तू पैसे घालून जुनी करायची, हे कोणत्या शहाणपणात बसतं? आमच्या घरातली रीत उलटी आहे आणि तिचा पुरावा देवघराखालच्या कप्प्यात आहे, आजोबांचा लाकडी नंदी. नागपुरात वाढलेल्याला तान्हा पोळा समजावून सांगायला नको. बाकीच्यांसाठी एवढंच की पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे पोरं चाकांचे लाकडी बैल सजवून ओढत नेतात, दारोदार जाऊन बोजारा, म्हणजे खुशीचे पैसे, मागतात. दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली हा सण सुरू केला असं सांगतात. त्याच दिवशी इकडे महाल-इतवारीत काळी-पिवळी मारबत (मोठाले पुतळे) निघते, इडापिडा घेऊन जाते आणि शेवटी जळते. नंदी मात्र राहतो. तो दरवर्षी नवा होतो. आजोबांनी रंगवला, मग बाबांनी, घरात जो ऑइलपेंटचा डबा उरला असेल त्यानं. खिडक्यांचा पांढरा, फाटकाचा हिरवा. साठ-सत्तर वर्षांचे थर चढून बैलाच्या नाकपुड्या बुजल्यात आणि वशिंड गुळगुळीत झालंय. मी एकदा तो खरवडून मूळ लाकूड काढू का विचारलं होतं. बाबा म्हणाले, "अन् मग? पुन्हा रंगवशीलच न?"

तर अशा माणसाला मी त्याच्याच कपड्यांवरची ठिगळं विचारत होते. आणि तो सांगत होता.

डोळे शेवटी ठेवले होते. पावणेचार इंची माणसाचा डोळा म्हणजे खसखशीएवढा. तीनदा काढले. एकदा तिरळा झाला, एकदा घाबरलेला, एकदा दारू प्यायलेला, बाबांच्या मते "हा आमच्या डेपोत होता." श्रावण संपत आला तशी मी एका संध्याकाळी महालात चितार ओळीत गेले. गणपतीचे दिवस तोंडावर, दुतर्फा मूर्ती, अंगाला रंग झालेला आणि चेहरे कोरे. एका म्हाताऱ्या चिताऱ्याच्या फळीशी अर्धा तास उभी राहिले. ते हाताचं कोपर छातीशी दाबून धरत, श्वास सोडून थांबत आणि मग रेघ ओढत. बाहुला दाखवला तर हसले नाहीत. हातात घेऊन म्हणाले, "बुबूळ वरच्या पापणीला टेकलं पाहिजे, बाई. मोकळं सोडलं का माणूस दचकते. अन् पांढरा नको, डोळा कधी पांढरा नसते." आणखी एक सांगितलं. जो डोळा आपल्याला अवघड जातो तो आधी काढायचा, सोपा नंतर त्याच्या मापानं.

त्या रात्री डावा डोळा आधी काढला. शून्य-शून्य-शून्यचा ब्रश, कोपर छातीशी. आधी काळी रेघ, मग हस्तिदंती ठिपका, मग पापणीला टेकलेलं बुबूळ. उजवा पहिल्याच फटक्यात आला. हातातला माणूस कुठेतरी माझ्या खांद्यापलीकडे पाहायला लागला, मागच्या सीटवर कोणी बिनतिकिटाचं बसलंय का ते बघावं तसा.

तान्ह्या पोळ्याच्या सकाळी माझा भाचा दादाबरोबर आला होता. नंदीला बेगड लावून झालं आणि माझं लक्ष नसताना त्यानं कंडक्टर नेऊन नंदीच्या वशिंडाला सुतळीनं बांधला. नंदनवनातल्या सात गल्ल्या, पंचवीस-तीस दारं. मला कळलं तेव्हा वरात परत येत होती. बोजारा चांगला जमला होता, कारण बैलावर कंडक्टर पाहून लोकांनी वरची चिल्लर दिली म्हणे. एका काकांनी त्याच्या ट्रेमध्ये रुपया ठेवायचा प्रयत्न केला आणि ट्रे वाकला. मी सुतळी सोडली. दोन्ही काखांत, जिथे हाताचा सांधा छातीवर घासतो, तिथला रंग उडून खालचं प्लास्टिक दिसत होतं. सांध्याचा रंग उडतोच, म्हणून आधी तिथे जरा घासून फट करतात. मी केली नव्हती. सहा महिन्यांचं काम होतं, आणि भाच्याला ओरडायच्या तयारीत मी तोंड उघडलं होतं.

बाबांनी बाहुला माझ्या हातातून घेतला. चष्मा कपाळावर. काख पाहिली, हात वर-खाली करून पाहिला, पाठ पाहिली, उजव्या कमरेखालचं ठिगळ नखानं चाचपलं. बराच वेळ पाहत होते. वाकलेला ट्रे त्यांनी अंगठ्यानं सरळ केला.

"ड्रायव्हर कुठं आहे?" ते म्हणाले.

"कोणता ड्रायव्हर?"

"मग हा डबल बेल कोणासाठी देऊन राहिला?"

खोक्यात अजून दोघांना कमरा नाहीत. त्यातला एक जरा जाडगेला आहे, गुडघे चांगले वळतात. परवा पंपाच्या दुकानात जाऊन आले. दुकानदारानं या खेपेला एचपी विचारला नाही.